वेंडेलीन कुबिचेकचा पायगुण

चेक देशातल्या आमच्या ब्र्नो शहरात दगड भिरकावला, तर तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवणाऱ्या माणसालाच लागेल. वेंडेलीन कुबिचेक त्यातलाच एक. त्याला सगळे वेंडा म्हणायचे. सुटलेलं पोट, पायात घरच्या तपकिरी सपाता, आणि काम करताना तोंडात एक भिकार शीळ. जन्मभर त्यानं एकच काम केलं. तयार झालेल्या मशीनची नजर ताळ्यावर आणायची आणि तिला गिऱ्हाइकाकडे रवाना करायचं.

वेडं मात्र दोन होती. एक मशीन, दुसरं अळंबी. पाऊस पडून गेला की स्वारी पहाटेच रानात. कुठल्या रानात ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. माझी जागा तरी माझ्या नवऱ्याला कुठे ठाऊक आहे? मी मेले तरी सांगायची नाही. आणलेली अळंबी चिरून वर्तमानपत्रावर पसरायची आणि टेस्टिंग हॉलमध्ये आपापल्या मशीनमागच्या ऊबदार लोखंडी कपाटावर ठेवून द्यायची. सगळेच ठेवायचे. सप्टेंबरात आमच्या हॉलमध्ये शिरलं की कारखान्यात आलोय की कुणाच्या सासुरवाडीला, तेच कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी वेंडाच्या हाती त्याची शेवटची मशीन आली. नाताळला तो निवृत्त होणार होता. "ब्लांके, ही एवढी माझ्या हातून गेली ना, की मी सुटलो," तो मला म्हणायचा. इतक्यांदा म्हणायचा की जीव नकोसा व्हायचा.

मशीन होती मोठी गुणाची. रात्री एकटी सोडली की आपणच एका कणाचे हजारो फोटो काढायची आणि गोधडीसारखे जोडायची. सुरुवातीला एका आखीव जाळीकडे बघून आपली मोजपट्टी आपणच लावून घ्यायची. पण सकाळी पाहावं तर गोधडीच्या कडा जुळलेल्या नसत! मोजपट्टी रातोरात सरकलेली. वेंडानं पुन्हा लावली, पुन्हा सरकली. मग चार दिवस गुण्यागोविंदानं चालली, आणि परत तोच तमाशा.

जाळी बदलली, वायरी बदलल्या, बाहेरून जाणाऱ्या ट्रामला शिव्या घालून झाल्या. शेवटी माझ्याच लक्षात आलं की पाऊस पडून गेला की मशीन बिघडते. मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आमचा साहेब ओताकार म्हणजे वेंडानंच शिकवून तयार केलेला पोरगा. तो म्हणाला, "हवेतला ओलावा! दुसरं काय असणार?" लगेच हवा कोरडी करणारं यंत्र आलं. मशीन आणखी बिघडली. वेंडा मात्र खूश होता. "काही म्हण, माझी अळंबी आता एका रात्रीत कडकडीत होतात, रोज नवी पसरता येतात."

आम्ही सगळे शिकलेसवरलेले, आणि डोक्यात प्रकाश कुणाच्याही पडला नाही. मेले आम्ही!

मग रानात एका ओढ्यावरून उडी मारताना वेंडाचा पाय मुरगळला. आठवडाभर तो घरी बसला. आजारी माणसाच्या कपाटावर कुणी आपलं वाळवण घालत नाही, तेवढी रीत आम्ही पाळतो. त्या आठवड्यात पाऊस झाला तरी मशीन अशी चालली म्हणता! आणि वेंडा लंगडत कामावर आला त्याच रात्री कडा पुन्हा फाटल्या.

झालं, हॉलमध्ये कुजबुज सुरू. वेंडा पांढऱ्या पायाचा! ओताकारनं त्याला बाजूला घेतलं. "वेंडाकाका, राग मानू नका. आपल्या गिऱ्हाईक हेदरबाई इंग्लंडहून मशीन बघायला येतायत. त्या बघून जाईपर्यंत तुम्ही हॉलमध्ये येऊ नका."

"अरे ओताकारा, स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेसुद्धा तुला मी दाखवलंय!"

"म्हणूनच हात जोडून सांगतोय ना."

वेंडा हॉलच्या काचेच्या भिंतीबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. सकाळी रोहलिकचा लांबट पाव आणि सॉसेज घेऊन यायचा आणि काचेतून मशीनकडे बघत बसायचा. सॉसेज तसंच गार व्हायचं. मला रडू यायचं आणि त्याचा संतापही यायचा. मी म्हटलं, "घरी जा की बाबा!" तर म्हणाला, "शेवटचीच आहे गं."

एका संध्याकाळी ओताकार इकडेतिकडे बघत मशीनच्या मागे गेला. मालक हद्दपार, जागा मोकळी! त्यानं वेंडाच्या कपाटावर वर्तमानपत्र अंथरलं आणि आपली अळंबी पसरली. वेंडानं काचेतून पाहिलं आणि नाक मुरडलं. "किडकी आहेत सगळी."

सकाळी कडा फाटलेल्या होत्या. आणि वेंडाचा पाय तर हॉलमध्ये पडलाच नव्हता!

बाक मागे सारल्याचा आवाज आला. वेंडा लंगडत आत घुसला आणि त्यानं ते वर्तमानपत्र अळंब्यांसकट उचललं. कपाटाच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून गरम वाफारा त्याच्या तोंडावर आला. त्या कपाटातूनच मशीनच्या भिंगांना वीज जायची, आणि आम्ही त्याचं नाक दाबून धरलं होतं. कपाट तापलं की वीज डळमळायची आणि मोजपट्टी सरकायची. कपाट निवल्यावर वेंडानं मशीन चालवली, कडा जुळल्या. कागद ठेवला, दुपारपर्यंत फाटल्या. काढला, पुन्हा जुळल्या. तिसऱ्यांदा करायचं कारणच नव्हतं.

"सापडलं!" मी ओरडले.

वेंडाचा चेहरा पडला. "म्हणजे मीच की गं. उन्हाळा सरल्यापासून मीच गळा दाबतोय तिचा."

ओताकार कानापर्यंत लाल झाला होता. "काका, हे या भिंतींच्या बाहेर जायचं नाही. अळंब्यांनी मशीन बिघडली म्हटलं तर जग हसेल आपल्याला." हेदरबाई आल्या तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की हवा अडत होती, ती मोकळी केली. बाईंनी मान डोलावली.

मशीन वेंडानंच चालवून दाखवली. शीळ वाजवत. गोधडीत एकसुद्धा शिवण दिसेना. बाई इतक्या खूश झाल्या की त्यानं त्यांना रविवारी रानात नेलं. आपल्या जागेवर नव्हे, माझ्या! ती त्याला कशी ठाऊक, हे मी त्याला अजून विचारते आहे. जाताना त्यानं बाईंच्या गळ्यात वाळक्या अळंब्यांची माळ घातली आणि बजावलं, "घरी गेल्यावर तुम्हीही वेचा. वाळवायला मात्र जागा ऊबदार आणि कोरडी हवी, आणि वाऱ्याची." मी तोंड उघडलं होतं. ओताकारनं माझ्या पायावर पाय दिला.

गेल्या सप्टेंबरात इंग्लंडहून हेदरबाईंचा फोन आला. मशीन रातोरात बिघडते, कडा जुळत नाहीत, इंजिनियर पाठवा. आमच्या पोरांनी फोनवरूनच जाळी, वायरी, ट्राम सगळं धुंडाळलं. ओताकार विमानाची तिकिटं काढायला निघाला होता. मी वेंडाला फोन लावला. निवृत्त झाल्यापासून तो रानाकडेच्या आपल्या झोपडीवर असायचा, मागे सुरीची कचकच ऐकू येत होती.

सगळं ऐकून घेतल्यावर सुरी थांबली.

"ब्लांके," तो म्हणाला, "तिकडे पाऊस पडून गेलाय का, तेवढं विचार."