जागच्या जागी आठशे मीटर

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला दोन महिने उरले असताना माझ्या पायाच्या नळीला बारीक चीर गेली. आठशे मीटर पळायचं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, चाचणीपर्यंत पळायचं नाही, दिवसभर बुटात राहायचं. वर म्हणाले, मलकापूरच्या जिममध्ये एक मशीन आहे, त्यावर पाय आपटत नाही पण दम टिकतो. म्हणजे न पळता पळायचं. मला काही उमजेना, पण गेले.

दोन लांब पायट्या आणि दोन दांडे. पायट्यांवर उभं राहून पाय गोल फिरवायचे, हात मागेपुढे. दुपारी तिथे फक्त बायका असत. बूट माझ्याकडे नव्हतेच. जिम चालवणाऱ्या बाईंनी, सगळ्या त्यांना खाला म्हणत, माझे उघडे पाय पाहिले.

"बेटा, बुटाशिवाय मशीनवर चढाचं नाही," म्हणत त्यांनी चाचणीपर्यंत वापरायला लेकीचे बूट दिले. आम्ही गावातल्या पोरी पांदण रस्त्यावर अनवाणीच पळायचो. बुटात पाय कोंडल्यासारखे वाटले.

अर्धा तास घाम गाळावा आणि खिडकीत लिंबाची तीच फांदी. पडद्यावर अंतर वाढे, मी जिथल्या तिथे. हे पळणं धरायचं की नाही? घरीही तोच गोंधळ. बाबा शेतातून कपाशीचं बोंड आणून फोडत; वरून हिरवंगार, आत गुलाबी अळी.

"बीटी हाय म्हणे, मंग अळी काऊन?" ते मलाच विचारत. दुकानदार म्हणे फवारा, कृषी सहायक म्हणे उपटा. माझंही तसंच. डॉक्टर म्हणत दम टिकेल, मैत्रिणी म्हणत, "झुल्यावर झुलून भरती होते काय व?" मला रोज वेगळ्याचं खरं वाटे.

चाचणीच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी पळायला मोकळं केलं. मी बूट परत केले आणि चाचणीच्या दिवशी सवयीने अनवाणीच मैदानात उतरले. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होते. दुसऱ्या फेरीत तळवे पेटले. दोन महिने बुटात राहून ते नरम पडले होते, आणि हाडाची, दमाची काळजी करताना त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. कातडी सोलली. लंगडत रेषा ओलांडली तेव्हा वेळ निघून गेली होती.

बाकीच्या पोरी पोट धरून वाकल्या होत्या. मी सरळ उभी होते, साधी धापही लागली नव्हती. राग कुणावर काढावा, तेच कळेना. फाटकाबाहेर आई थांबली होती.

"लई दमली काय व?" तिनं विचारलं.

"नाही," म्हणाले, आणि मला रडू फुटलं.