गुड फ्रायडेचा लोहचुंबक

हुमनाबाद नाक्यावरचा पंक्चरवाला टायरमधून खिळा निघाला की "गावला चोर!" म्हणत खदखदून हसतो. गुड फ्रायडेला मात्र दुकान बंद. चर्चहून आला की तो दोरीला लोहचुंबक बांधतो आणि रस्त्यावरचे खिळे वेचत फिरतो.

यंदा मी विचारलं, "अण्णा, आपलंच गिऱ्हाईक कामून घालवायलाव?"

"येशूनं वधस्तंभावर माझ्यासाठी खिळे सोसले," तो म्हणाला. "त्याला मी काय देणार? आज माझ्या रस्त्यावर कुणाला खिळा टोचू नये, बस्स." मग डोळा मारून म्हणाला, "उद्यापासून तुमचं टायर हायच की!"

मी बसवेश्वराच्या देवळाला निघालो होतो. चपलेपुढं एक खिळा दिसला. हातातला हार सावरत मीही वाकलो.