तरणतलावाची तिसरी पायरी

पाण्यात उतरायला काही लागत नाही. बाहेर यायला मात्र मांड्या लागतात. हे मला सत्तरी गाठल्यावर कळलं, तेही चारचौघींनी खालून ढकलल्यावर.

झालं असं की माझी साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि वजन एवढं झालं की शेअर रिक्षावाला माझ्या शेजारी दुसरं सीट घ्यायच्या भानगडीत पडायचा नाही. डॉक्टरांनी आठवड्याला एक सुई सुरू केली. दिसायला पेनासारखी, पोटाच्या वळीत टोचायची. त्यानं भूक मंदावते, साखर आटोक्यात येते आणि वजन उतरतं. वर म्हणाले, "व्यायाम पाहिजेच. पण या गुडघ्यांनी जमिनीवर नको, पाण्यात करा."

जालना रोडच्या आत, एका गल्लीत झाकलेला तरणतलाव आहे. उन्हं वर आली की तिथं फक्त बायकांची बॅच असते. तिथं नाव घातलं. एकटीला लाज वाटत होती म्हणून धाकट्या जावेलाही ओढलं. ती वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. तिला व्यायामाची काही गरज नव्हती, पण माझी फजिती फुकटात बघायला मिळणार म्हटल्यावर ती घरी कशी बसेल?

सुई टोचायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. नोकरीत भल्याभल्या साहेबांना न घाबरलेला माणूस, पण सुई हातात धरली की डोळे गच्च मिटायचा.

"अहो, डोळे उघडा. पोट माझं आहे."

"एवढं मोठं आहे, चुकणार कुठं?"

जावेला वेगळीच काळजी. "अक्का, पोटाला सुईचं भोक पडलेलं. त्यातनं पाणी शिरलं आन् तुम्ही फुगलात तर?"

"फुगायला जागा कुठं राहिलीय गं?"

पहिल्या दिवशी मी कोपरापर्यंत बाह्या आणि पोटऱ्यांपर्यंत पाय असलेला तो पोहायचा पोशाख चढवला. आरशात बघितलं तर लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबल्यासारखी दिसत होते. बाहेर आले आणि समोर एवढं निळं पाणी. ज्या शहरात नळाला पाणी यायच्या दिवशी आम्ही जवळच्या लग्नालासुद्धा जात नाही, तिथं एवढं पाणी नुसतं पाय हलवायला! जाऊ काठावर उभी राहून हळहळली, "अख्ख्या गल्लीच्या गोधड्या निघाल्या असत्या हो."

शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची, गळ्यात शिट्टी. तिनं विचारलं, "आजी, पाण्याची भीती वाटते का?"

"मला?" मी म्हणाले. "मी विहिरीत पोहलेली आहे."

ते खरंच होतं. माझं माहेर लासूर स्टेशनचं, मळ्यातल्या विहिरीवर मी काठावरून सूर मारायचे. तेव्हा मी चिपाड होते आणि चिपाडाला असतो तेवढाच शहाणपणा माझ्यात होता. माझी एक आत्या होती, चांगली भरलेली. ती कधी विहिरीत उतरायची नाही, काठच्या दगडावर पाय सोडून बसायची आणि आमचे कपडे राखायची. मी खालून ओरडायचे, "आत्या, तू उतर गं! पाणी वर येईल, पोहऱ्याची कटकट मिटंल!" मैत्रिणी खिदळायच्या आणि मला वाटायचं, आपण काय विनोदी आहोत. आत्या चिडायची नाही. फक्त म्हणायची, "हास, भवाने, हास. हीर समद्यांलाच आत घेती. भाईर येनं ज्याचं त्याला."

तर मी पाण्यात उतरले. आणि काय सांगू, गुडघे गप्प झाले. छातीएवढ्या पाण्यात चालले, दांडी धरून पाय झाडले, हलक्या फोमचे डंबेल्स पाण्याखाली दाबले. कित्येक वर्षांनी माझं अंग मला ऐकत होतं. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा लहान मुलीसारखं वाईट वाटलं.

मग शिडी आली. स्टीलची, उभी. पहिली पायरी पाण्यातच, दुसरीही पाण्यातच, तिथवर मी राणीसारखी गेले. तिसरीवर पाय ठेवून अंग उचललं आणि पाण्यानं साथ सोडली. आतापर्यंत त्यानं सांभाळलेलं सगळं वजन त्यानं एका झटक्यात माझ्या स्वाधीन केलं. मी तशीच लोंबकळले. जाऊ खालून ढकलायला लागली, तिच्यानं काय होतंय! शेवटी पलीकडच्या एका बाईनं हाळी दिली, "अरे, दादी को नीचे से सहारा दो रे!" आणि चारपाच जणींनी, जिथं हात लागेल तिथं लावून, मला गव्हाच्या पोत्यासारखं काठावर लोटलं. तिथं मी पालथी पडून हसत होते. दुसरं करणार काय?

त्या दिवशी ठरवलं, वजन उतरवायचं आणि ही शिडी एकटीनं चढायची.

सुईनं आपलं काम सुरू केलं. भाकरीचा चतकोर खाल्ला की पोट भरायचं. मळमळायचं, तोंडाला चव नसायची, पण काटा मात्र खाली चालला होता. ब्लाऊज आटवून घेतले. शेजारणी विचारायला लागल्या, तशी मी उगाच दारात उभी राहायला लागले.

त्यात मी एक हुशारी केली. सुईचा वार गुरुवार धरला, कारण गुरुवारी माझा उपास. गुरुवार, सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. लग्न होऊन आले, अंग सुटायला लागलं, तसं बारीक व्हायचं म्हणून मी हे उपास धरले आणि साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, तळलेले बटाटे असं सात्त्विक खाऊन खाऊन दाराएवढी झाले. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ती मी. वर थोरली जाऊ म्हणून धाकटीलाही सगळे उपास धरायला लावले. ती बिचारी आधीच काडी. तिला भगर आवडायची नाही, म्हणून ती खरोखर उपाशी राहायची. मी तिला सांगायचे, "बघ, मन घट्ट पाहिजे." हे सांगताना माझ्या तोंडात राजगिऱ्याचा लाडू असायचा.

आता सुईमुळं साबुदाणासुद्धा नको वाटायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला खरा उपास घडत होता. देव आणि डॉक्टर एकाच वारी खूश, असा माझा हिशेब.

पण शिडी काही खूश होईना. काटा खाली येत होता आणि पाय वर जात नव्हता. आधी चौघी लागायच्या, आता दोघी लागायच्या, ते मी हलकी झाले म्हणून. माझ्या पायांनी स्वतःचं असं काही वाढीव केलं नव्हतं. उलट तिसऱ्या पायरीवर मांड्या थरथरायच्या, पूर्वी नव्हत्या तशा.

अशाच एका गुरुवारी, नुसत्या कोऱ्या चहावर, मी शिडी चढायला गेले. दुसऱ्या पायरीवर डोळ्यांपुढं काजवे चमकले, हात सुटला आणि मी पाठीवर धप्पकन पाण्यात. जोरात शिट्टी वाजली. त्या मुलीनं उडी टाकून मला धरलं. काही झालं नाही, नाकात पाणी गेलं एवढंच. पण काठावर बसवून टॉवेल गुंडाळल्यावर ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आजी, राग मानू नका. पुढच्या महिन्यात नवी बॅच सुरू होतेय. तोवर तुम्हाला शिडी एकट्यानं चढता आली नाही, तर मला तुमचं नाव घेता येणार नाही. मी एकटी असते इथं. दोघींना एकदम काही झालं तर?"

जाऊ माझी बाजू घ्यायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचा हात दाबला. पोरगी बरोबर होती. पण रिक्षात बसल्यावर तिचं बोलणं टोचायला लागलं. घरातली खुर्ची, देवघर, संडास, जिना, सगळीकडं मी गुडघ्यांची बायको होते. त्या पाण्यात तेवढी माझी मी होते. ते गेलं तर मग सुई टोचून बारीक होऊन करायचं काय, दारात उभं राहायचं?

दुसऱ्याच दिवशी ह्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी विचारलं, "पडलात तेव्हा पोटात काय होतं?"

"कोरा चहा. उपास होता."

"उपास कशासाठी?"

"वजन उतरावं म्हणून."

"मग सुई कशासाठी?"

मी म्हणाले, "तीही त्याचसाठी." ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं. खांदे हलत होते, हसत होते मेले.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "काट्याला चरबी कुठली आणि मांस कुठलं ते कळत नाही. खायचंच बंद केलंत तर दोन्ही जातं. तुम्ही मांड्या देऊन काटा खाली आणलाय. आता आधी डाळ, उसळ, अंडं, दही खायचं. भूक नसली तरी थोडंथोडं. पाणी पीत राहायचं. आणि रिकाम्या पोटी तलावात जायचं नाही."

देवाला सांगितलं, उपासाची रजा टाकतेय, सुई आहे तोवर. देवानं हरकत घेतली नाही. जावेनं घेतली.

"इतकी वर्षं मला उपाशी मारलं," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन् आज गुरुवारी अंडं उकडून ऱ्हायल्या?"

"औषध आहे ते."

"माझ्या वेळी नाय सापडलं औषध!"

पण दुसऱ्या सकाळपासून तीच माझ्या समोर वाटी घेऊन बसायला लागली. मोड आलेल्या मटकीची उसळ. मी नको म्हटलं की म्हणायची, "मन घट्ट पाहिजे, अक्का." मी मुकाट खायचे. भाकरीच्या आधी उसळ, मग ताक. कुकरला शिट्टी होईपर्यंत मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचे, बसायचे, उठायचे. डाळ मऊ शिजायला उशीर झाला की ह्यांना आनंद. "आज लई व्यायाम झाला म्हणायचा!"

काटा आता हळू उतरत होता. मी त्याच्याकडं बघायचं बंद केलं. तलावात माझं लक्ष शिडीवर. पहिल्यांदा तिसऱ्या पायरीवर नुसती उभी राहायचे आणि परत खाली. मग जाऊ खालून नुसता हात धरायची, ढकलायची नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिट्टी झाली. मी शिडीपाशी गेले. जावेनं सवयीनं हात पुढं केले.

"हात काढ."

"पडाल."

"पाणीच आहे ना खाली? काढ."

पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर पाणी नेहमीसारखं हात झटकून मोकळं झालं. मांड्या पेटल्या, पण थरथरल्या नाहीत. चौथी पायरी, मग काठ. मी उभी! अंगावरून पाण्याच्या धारा, कानात दडे बसलेले. वळून बघितलं तर शिट्टीवाली पोरगी पाठमोरी, कुणाची तरी टोपी बसवत होती.

"अगं, बघितलंस का?"

"काय आजी?"

"मी चढले!"

"खरंच? मी नाही बघितलं. परत एकदा?"

"परत?"

"बघितल्याशिवाय नाव कसं घेऊ?"

जाऊ पाण्यात गडगडाटी हसली. "अक्का, गिळा आता अजून एक अंडं!"

मी पुटपुटत उतरले. थोडा दम खाल्ला. आता सगळीच बॅच गोळा होऊन बघत होती. पहिली, दुसरी. तिसरीवर जरा रेंगाळले, आणि मागून जावेचा आवाज आला, "लावू का हात?"

"लावलास तर एकादशीला भगर खायला घालीन."

काठावर आले तेव्हा टाळ्या वाजल्या. त्या पोरीनं माझं नाव लिहून घेतलं. मी काठावर बसले, पाय पाण्यात सोडले, आत्या बसायची तशी. तिला एकदा तरी हाताला धरून पाण्यात उतरवायला हवं होतं, आणि नंतर आम्ही चौघींनी मिळून बाहेर काढायला हवं होतं. पण तेव्हा मी विनोदी होते ना.

जाऊ टॉवेलनं डोकं पुसत होती. मी बसल्याबसल्या पुढं सरकले आणि पाण्यात घसरले.

"आता काय विसरलं खाली?" ती ओरडली.

"काही नाही. तू हो पुढं, मी येते माझी माझी."