हळूबाईंचा रीस्टार्ट

आमच्या ध्वनिमुद्रणाच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे हळूबाई म्हणत. नाव मीच ठेवलेलं, आणि त्याची मला जराही लाज नाही. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की सगळे कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायचे, ते बाईंनी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे. हा प्रोग्रॅम भलताच सभ्य. चालू असलेल्या एकेका सॉफ्टवेअरला आधी "बंद होतोस का?" असं विचारणार, उत्तराची वाट बघणार आणि कुणी "काम बाकी आहे" म्हटलं की रीस्टार्ट सोडून तिथेच थांबणार.

साहेब वैतागायचे. "अहो, एका फटक्यात सगळं बंद करता येतं ना?"

"येतं की. पण आत कोणी असलं तर?"

"कॉम्प्युटरच्या आत कोण असणार, बाई?"

बाई हसायच्या आणि करायचं तेच करायच्या.

माझे बाबा तिथेच अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून मुद्रित करायचे. आवाज असा, की औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचल्या तरी ऐकत राहावं. त्यांच्या घशात गाठ निघाली. शनिवारी ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. शुक्रवारी बाबा हट्टाने कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायला एकटेच बसले. मुद्रण चालू करून देऊन मी खाली गाडीपाशी थांबले होते. वाचणाऱ्याने बटणांना हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना खाक्या. वाचून झालं आणि महाराज तसेच उठून आले.

दुसऱ्या दिवशी, त्यांना ऑपरेशनसाठी आत नेल्यावर, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुद्रण बंद कुणी केलं? आणि काल तर शुक्रवार! रीस्टार्ट झाला असेल, तर सेव्ह न केलेलं सगळं प्रकरण गेलं! बाईंना फोन करून सगळं सांगितलं. सुट्टीचा दिवस असूनही त्या तडक ऑफिसात गेल्या.

"रेकॉर्डर म्हणाला, मुद्रण चालू आहे. म्हणून प्रोग्रॅम कालपासून अडून बसलाय," त्यांचा फोन आला. "सगळं सेव्ह केलंय. तू बाबांकडे बघ."

मी तिथेच भिंतीला टेकून रडले. हळूबाईंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

बाबा घरी आल्यावर आम्ही ते शेजारी बसून ऐकलं. प्रकरण संपलं, खुर्ची सरकली आणि दारातून त्यांची हाक आली, लहानपणी घराच्या खिडकीतून मला द्यायचे तशी: "चिमणे, झालं गं माझं! निघू या!" बाबांनी खूण केली, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. किती वेळा, ते विचारू नका.

पुढच्या मुद्रणात नुसती रिकामी खोली होती. मी पार शेवटाला गेले. दार उघडलं, चपला वाजल्या आणि हळूबाई त्या रिकाम्या खोलीत हळूच म्हणाल्या, "काका, बंद करू ना?"

बाबांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला कळलं. "हो, करा."