खरोखरची एक जून

आमच्या क्लबाचं एक लोखंडी कपाट आहे. त्यात तीन स्टॉपवॉच, त्यातलं चालू एक, थाळीफेकीची गंजलेली थाळी, आणि कुणाचा तरी डाव्या पायाचा स्पाइक बूट. परवा शशी आणि मी ते साफ करायला बसलेलो. तीन तास बसलो, एक खण साफ झाला नाही. एकेक वस्तू हातात आली की शशी म्हणायचा, "अरे, हे आठवतंय का?" आणि मग झालंच. किस्से कपाटात कुणी ठेवत नाही, तरी दार उघडलं की तेच आधी बाहेर पडतात.

ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हाचं सांगतो. क्लब चालवणारे आम्ही तिघंच. लिमये सर, शाळेत पीटी शिकवायचे, बोलणं एकदम शुद्ध आणि राग त्याहून शुद्ध. शशी, त्याचा आवाज मोठा म्हणून माईक त्याच्याकडे आणि अक्षर चांगलं म्हणून फॉर्मही त्याच्याकडे. आणि मी. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करायचो, म्हणजे सकाळी मोकळा, म्हणून टाइमकीपर. यापलीकडे माझी पात्रता काही नव्हती, आजही नाही.

*

त्या पात्रतेचा पुरावा देतो. डोंबिवलीत पंधराशे मीटरची शर्यत. पोरं लाइनवर वाकलेली, सरांनी हात वर करून पिस्तूल दाबलं, ते वाजलंच नाही. पुन्हा दाबलं, नाही. सरांचा संयम तेवढाच. त्यांनी तोंडानेच "ठो" केलं.

अर्धी पोरं पळाली, अर्धी हसत उभी राहिली आणि मग पळाली. मी हसणाऱ्यांत होतो, त्यामुळे घड्याळ दाबायचं राहूनच गेलं. पहिला आलेला पोरगा धापा टाकत माझ्याकडे आला आणि टाइम विचारायला लागला. आता काय सांगणार? मी म्हटलं, तुला किती वाटतं? त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, चार मिनिटं तीस.

मागून सरांचा आवाज आला, "चार पस्तीस लिहा. तो नेहमीच स्वतःला जास्त समजतो."

*

वनिता आम्हाला सापडली ती सरांच्या रागामुळे. मानपाड्याच्या रस्त्यावर सकाळी आमची पोरं पळत होती आणि सर सायकलवरून मागे. तेवढ्यात एक मुलगी डोक्यावर पाटी घेऊन आली आणि आमच्या शेवटच्या दोन पोरांना मागे टाकून पुढे निघून गेली. पळत नव्हती, चालत होती. सर संतापले, कुणावर ते त्यांनाही कळेना. आधी त्या दोघांना झापलं, मग सायकल मारून मुलीला गाठलं.

पाटीत मासळी होती. सर पक्के शाकाहारी, तरी अर्धा किलोमीटर नाक न धरता तिच्या बाजूने सायकल चालवत गेले. मी त्यांचा एवढा मोठा त्याग दुसरा पाहिलेला नाही.

मानपाड्याच्या बाजारात तिची आई बसायची. हिरामावशी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून मायलेकी रोज यायच्या. सरांनी विचारलं, मुलीला हे चालणं शिकवलं कुणी? मावशीला प्रश्नच समजला नाही. चालायला कोण शिकवतं? मग म्हणाली, पळलं तर पाटीतलं पाणी लोकांच्या अंगावर उडतं आणि रेंगाळलं तर मासळी उतरते, म्हणून पोरीला एकच सांगून ठेवलंय: "पलू नको नि थांबू पन नको."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "चालण्याच्या शर्यतीचा नियम आहे हा. आमच्या पुस्तकात यालाच दोन पानं लागली आहेत."

अशा शर्यती असतात आणि त्यात बक्षीसही देतात, हे ऐकून मावशीने हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, म्हंजे मी बावीस वर्सं बिनबक्षिसाचीच चाल्ली का?

*

टिटवाळ्याला रस्त्यावर दहा किलोमीटर चालायची शर्यत होती. वनिता सगळ्यांच्या पुढे, कंबर हलवत, दोन्ही हात मारत. नेमकी त्या दिवशी चतुर्थी. स्टेशनवरून देवळाकडे निघालेल्या एका टांगेवाल्याने तिला पाहिलं आणि टांगा बाजूला घेतला. "ताई, बसा की, दर्शनाची एवढी घाई दिसते तर."

ती बोलेना. शर्यतीत बोलून दम कोण घालवणार? त्याला वाटलं, भाड्यावरून रुसली. एक किलोमीटर तो तिच्या बाजूने भाडं कमी करत गेला. शेवटी म्हणाला, फुकट चला, पण असं चालू नका, बघवत नाही.

सर जज होते. कुणी पळताना दिसलं की कार्ड दाखवायचं, हे त्यांचं काम. घोडा वनिताच्या बरोबरीने दुडक्या चालीवर आलेला, तेव्हा शशी माईकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, हा सरळ पळतोय, ह्याला कार्ड द्या."

सर पुढे आठ दिवस शशीशी बोलले नाहीत. वनिता पहिली आली.

*

आता मुद्द्यावर येतो. वनिता राज्यात पहिली, मग देशात दुसरी आली आणि आशियातल्या ज्युनिअर मुलामुलींच्या स्पर्धेसाठी तिचं नाव निघालं. आमच्या क्लबाचं कुणी तोवर कल्याणच्या पुढे गेलं तरी आम्ही पेढे वाटायचो, आणि इथे आशिया! शशीने चांगलं पेन काढून फॉर्म भरायला घेतला. जन्मतारीख, एक जून.

तो हसला. कारण क्लबात एकोणीस पोरं, त्यातली चौदा एक जूनची. सरांचीही एक जून. आम्ही वर्षातून एकदाच सगळ्यांचा वाढदिवस करायचो, सोयीचं पडायचं. शाळा जूनमध्ये सुरू, पोराला घेऊन आई येते, हेडमास्तर वय विचारतात, ती म्हणते सहा, मग मास्तर एक जून टाकून मोकळे. शशी म्हणायचा, एवढी माणसं एका दिवशी जन्मली असती तर सुइणींनी संप केला असता.

पण वर्ष लिहिताना त्याचं पेन थांबलं. त्याने बोटांवर मोजलं. मग मी मोजलं. मग सरांनी कागदावर मोजलं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे वनिता एका वर्षाने मोठी होती. ज्युनिअरमधून बाहेर.

देशभर लोक पोरांची वयं कमी करून घेतात. मिसरूड फुटलेल्या, दोन पोरांच्या बापांचा ज्युनिअरमध्ये मी स्वतः टाइम घेतलाय. आणि आमची एकटी सापडली, जिचं वय वाढवलेलं!

वाढवलेलं मावशीनेच. पोर पाच वर्षांची होती. मावशी बाजारात गेली की ती घरी एकटी, भरतीच्या वेळी खाडीवर जाऊन बसायची. शाळेत घातली तर जिवंत राहील, म्हणून मावशी हेडमास्तरांना सहा म्हणाली. हे सांगताना ती पाटीवरचं फडकं उगाच सारखं करत होती. मग दोन दिवस ती बाजारात आलीच नाही. वनिता आली आणि म्हणाली, "सर, ऱ्हावू दे. आय जेवत नाय."

मला खरंच वाईट वाटलं. ती बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली असेल, तेही पोर शिकावी म्हणून.

*

सर हार मानणारे नव्हते. जन्माची नोंद कुठेतरी असणारच, म्हणून आम्ही तिघं जुन्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेलो. तिथल्या क्लार्कने वह्यांचा गठ्ठा काढला. वाळवीने बरेच जण जन्मायच्या आधीच खाल्लेले. दोन दिवस पानं उलटली. तिसऱ्या दिवशी सापडलं: बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, "स्त्री अपत्य". वर्ष मावशी सांगत होती तेच, दाखल्याच्या पुढचं. म्हणजे वनिता ज्युनिअरच! मी शशीला मिठी मारली.

मग सरांनी तारीख वाचली. एक जून.

"बोंबला," शशी म्हणाला.

कारण ठाण्यात कागद तपासायला येणारे कर्नलसाहेब एक जूनवर खार खाऊन आहेत, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. एक जून दिसली की ते पुढचं वाचतच नसत. हेडमास्तरांनी वर्ष खोटं लिहिलेलं, पण तारीख चुकून खरी निघाली. अख्ख्या तालुक्यात खरोखर एक जूनला जन्मलेली ही एकच असावी, आणि तिच्यावरच कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

आमचे चेहरे बघून क्लार्कला दया आली. तो हळूच म्हणाला, "साहेब, खरी वाटायला पाहिजे ना? दोन जून करून देऊ का?"

सर असे काही ओरडले की शेजारच्या तलाठ्याच्या खोलीतून माणसं बघायला आली. खरी नोंद खरी वाटावी म्हणून खोटी करायची, हे त्यांच्या शुद्ध मराठीत मावेना. मी मात्र कबूल करतो, मी मनातल्या मनात तीन जूनपर्यंत गेलेलो.

*

ठाण्याला स्टेडियमजवळच्या एका खोलीत तपासणी. मी, सर, वनिता, आणि सोबत हिरामावशी. तिला आणायचं नव्हतं, ती ऐकेना. बाजारातूनच आलेली, रिकामी पाटी काखेत. खोलीत वास सुटला आणि रांगेतले लोक आपोआप आमच्या पुढून बाजूला झाले, तेवढा एक फायदा.

कर्नलसाहेबांनी दाखला पाहिला. मग वहीची नक्कल पाहिली. दोन्ही कागद आमच्याकडे सरकवले.

"वर्ष बदलून आणलंत, तारीख बदलायला विसरलात?"

सर रागाने लालबुंद झाले. वनिता खाली बघत होती. मी वहीच्या शिक्क्यावर बोट ठेवून काहीतरी पुटपुटलो, ते मलाही ऐकू आलं नाही.

मावशी पाटी खाली ठेवून टेबलापाशी गेली. म्हणाली, दरवर्षीसारख्या एक जूनला गावच्या होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्या, सगळे बाप्ये बंदरावर, घरात मी एकटी. पोर झाली. होड्या ओढून आल्यावर नवऱ्याला कळलं. शाळेत वर्ष मी खोटं सांगितलं, ते माझं पाप, पोरीचं नाही.

साहेब चष्मा काढून जरा मवाळपणे म्हणाले, "बाई, असं सगळेच सांगतात. अहो, माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. ती कशी लिहितात हे मला नका सांगू."

मावशीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सायेब, तुमची मास्तरानी लिवली आसंल. हिला मीनी जल्म दिलाय."

साहेबांनी दोन्ही कागद परत स्वतःकडे ओढले आणि सही करायला पेनाचं टोपण काढलं.

मावशीने पाटी उचलली. "झाला ना? मंग निंगतो आमी, बाजार उठंल."