साहेबांची साक्षीदार

कसबा पेठेतल्या आमच्या बँकेच्या शाखेत मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेब माझ्या टेबलावर रूळ आपटून म्हणाले, "इथे चूक झाली की आवाज होतो."

आवाज रोज व्हायचा. त्यांनी भिरकावलेल्या लेजरच्या कोपऱ्याने एकाचा ओठ फाटला होता. एकदा काचेचा पेपरवेट माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. केसांतले तुकडे मी घरी वेचले आणि आईला ट्यूबलाइट फुटल्याचं सांगितलं. पण सगळं काम मला त्यांनीच शिकवलं, तेही शेजारी बसवून. "तू माझ्या मुलीसारखी आहेस," म्हणायचे. मी मान डोलवायचे.

आमचे हेड कॅशियर लोणी काळभोरहून बसने यायचे. तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, त्यामुळे ते आल्याशिवाय कॅश उघडत नसे. त्या सोमवारी सोलापूर रस्त्यावर ट्रक उलटला आणि ते तासभर उशिरा, घामाघूम होऊन पोचले. काउंटरपुढे गर्दी खोळंबली होती.

"साहेब, रस्ताच बंद हाय..." एवढंच ते बोलले. साहेबांनी त्यांची कॉलर धरली आणि सगळ्यांदेखत त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ कॅशच्या जाळीवर आदळलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. साहेबांनी पुन्हा हात उगारला.

तेवढ्यात आमचे शिपाई मधे पडले. तालमीत घुमणारा माणूस, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी एका हाताने साहेबांचा गळा धरला आणि त्यांना तिजोरीच्या दारावर दाबलं. साहेबांचा चष्मा पडून बुटाखाली चुरडला. चेहरा जांभळा झाला, पाय फरशीवर घासायला लागले. कोणीतरी ओरडत होतं, "अहो, मरतील ते!"

"सोडू नका, मामा," मी म्हणाले.

हळूच म्हणाले, पण म्हणाले. साहेबांचे डोळे मिटावेत असं मला अगदी मनापासून वाटत होतं. दोन गिऱ्हाइकांनी मामांची बोटं एकेक करून उलगडली, म्हणून साहेब वाचले.

पुढे चौकशी लागली. साहेबांनी आपल्या बाजूने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. मला धक्काच बसला. त्यांच्या गळ्यावरचे डाग अजून पिवळे दिसत होते. ते अधिकाऱ्यांना शांतपणे म्हणाले, "माझ्या शाखेत शिस्त होती. स्टाफ मला मानायचा. हिला विचारा." मग माझ्याकडे वळून, "सांग ना यांना."

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही आत आलात की माझ्या पोटात कळ यायची. सगळ्यांच्याच."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "सगळ्यांच्या?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी मामांना मी काय म्हणाले होते, ते मात्र मी अधिकाऱ्यांना सांगितलं नाही. मामांना त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही माझं नाव घेतलं नाही. साहेबांची बदली झाली. मामांची नोकरी गेली.

नवे मॅनेजर मृदू होते. अहो-जाहो करायचे, चूक झाली तर स्वतः दुरुस्त करायचे. दोन महिन्यांत स्टाफ त्यांना 'बुळा' म्हणू लागला. एका दुपारी डबा खाताना हेड कॅशियर म्हणाले, "काही म्हणा, जुन्या साहेबांचा वचक होता." कपाळावरचे टाके कधीच निघाले होते, पण वण अजून लाल होता.

माझ्या हातातला स्टीलचा डबा मी भिंतीवर फेकला. आमटी त्यांच्या सदऱ्यावर उडाली, झाकण गरगरत जाऊन कपाटाखाली थांबलं. ते दोन्ही हात तोंडापुढे धरून खुर्चीत आक्रसले.

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला तो आवाज आवडला होता.