नकाशे झाकून न ठेवणाऱ्या गिरासे मॅडम

डॉ. मंदाकिनी गिरासे मॅडमच्या अमृतमहोत्सवानिमित्त लेख द्यावा, असे गौरव समितीने कळवले तेव्हा मी विचारले, "खरे लिहिले तर चालेल का?" समिती हो म्हणाली, म्हणून लिहितो. मॅडमबरोबर काम करणे हा मोठा मनस्ताप आहे. सुरुवातीपासून आहे.

शहाद्याच्या महाविद्यालयात भूगोलाचा अधिव्याख्याता म्हणून मी रुजू झालो, तेव्हा मॅडम विभागप्रमुख होत्या. त्यांचा तास चालू होता. माझ्या नेमणुकीच्या आदेशाकडे त्यांनी पाहिलेही नाही. हातात खडू देऊन म्हणाल्या, "स्टँडवरून इथवर कसे आलात, फळ्यावर काढा." मी काढले.

"यात उत्तर दिशा कुठे आहे?"

मी घाईने बाण काढला.

"सकाळचे ऊन समोरच्या खिडकीतून येते आहे. निदान त्याच्याकडे बघून तरी काढायचा होता."

सगळा वर्ग हसला. शिकवायला आलेल्या माणसाचे असे स्वागत मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

मुलांच्या मनात जागेचे, दिशेचे आणि अंतराचे चित्र कसे तयार होते, शिकवून ते सुधारते का, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. सपाटीवरच्या सारंगखेड्याच्या शाळेत आणि डोंगरातल्या मोलगीच्या आश्रमशाळेत आम्ही एकच चाचणी घेतली. मोलगीच्या मुलांना गुण कमी पडले. तक्ते करून मी निष्कर्ष लिहायला बसलो, तर मॅडमनी कागद बाजूला सारले.

"आपले प्रश्न बघा. चौकातून डावीकडे वळा, तिसरी गल्ली मोजा. मोलगीला गल्ल्या आहेत का? चाचणी आपली चुकली आहे, मुलांचे काही चुकलेले नाही."

म्हणजे सगळे पहिल्यापासून! चढ, उतार, ओढा आणि डोंगराची सोंड यांवरचे प्रश्न घालून नवी चाचणी तयार झाली. घाटातल्या जीपमध्ये हाडे खिळखिळी करून घेत मी पुन्हा वर्षभर मोलगीच्या फेऱ्या केल्या. या वेळी सारंगखेड्याची मुले मागे पडली आणि त्यांचे पालक भांडायला आले. त्या दिवशी मॅडम मोलगीला होत्या. पालकांना मी तोंड दिले.

हेही सोसले असते. पण सातपुड्यातले पाडे, पायवाटा, झरे आणि चढउतार यांची जी माहिती आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन पायी फिरून गोळा केली, ती मॅडमनी आमचा शोधनिबंध छापून येण्याआधीच इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करून टाकली. कोणीही उतरवून घ्यावी, कोणीही वापरावी. त्या दिवशी माझा तोल गेला आणि प्रमाण मराठीही सुटली.

"मॅडम, आपला लेख छापावना आधीच तुम्ही बठ्ठं वाटी टाकं!"

मॅडमही आमच्याच अहिराणीत म्हणाल्या, "नकाशा काय लोनचं शे का भाऊ, बरणीमा झाकी ठेवाले?"

पुढे व्हायचे तेच झाले. दूरच्या एका शहरातल्या कोणी आमच्याच माहितीवर निबंध छापला, आमचे नाव तळटीपेतसुद्धा नाही. मी तक्रारीचा मसुदा केला. मॅडमनी तो निबंध आवडीने वाचला आणि त्या लेखकाला कळवले, की एका झऱ्याची जागा चुकली आहे, दुरुस्त करून घ्यावी!

याच खुल्या माहितीमुळे एक गोष्ट घडली, तीही सांगितली पाहिजे. मॅडम तेव्हा निवृत्त झालेल्या होत्या. तोरणमाळच्या खालच्या अंगाला असलेल्या एका पाड्याची शाळा बंद करून मुलांना शेजारच्या पाड्यात पाठवायचे ठरत होते. नकाशावर दोन्ही पाडे अगदी लगत. मधे खोल दरी आहे, हे त्या सपाट नकाशाला ठाऊक नव्हते. तिथल्या शिक्षिका सुनीता पावरा यांनी आमच्या माहितीवरून त्या दरीचा उभा छेद, म्हणजे बाजूने दिसणारा चढउतार, कागदावर काढला आणि शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर ठेवला. साहेब म्हणाले, "पण अंतर तर थोडेच आहे."

सुनीताबाईंनी मॅडमना फोन केला, मॅडमनी मला. दुसऱ्या शनिवारी साहेब, मॅडम, सुनीताबाई आणि मी दरी उतरत होतो. मॅडमचे गुडघे दुखत होते, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. ओढा ओलांडून साहेबांनी समोरचा चढ पाहिला आणि ते दगडावर बसले.

"अजून किती?"

"नकाशावर म्हणाल तर पोहोचलोच आहोत," मॅडम म्हणाल्या. "पहिलीतली मुले हे रोज चढतील का, तेवढे सांगा."

साहेबांनी मागे वळून ओढ्याकडे पाहिले. मग सुनीताबाईंना म्हणाले, "बाई, पावसाळ्यात या ओढ्याला पाणी किती असते?" सुनीताबाईंनी आपल्या छातीवर हात ठेवून दाखवला.

शाळा आजही चालू आहे. परतताना मॅडमनी मला विचारले, "ती माहिती तुम्ही झाकून ठेवली असती तर?" तरी तळटीपेबद्दलचा माझा राग अजूनही कायम आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्या शनिवारी माझ्या चपलेचे काय झाले, ते मॅडमच्या लक्षात होते. आठवड्याने त्यांच्याकडून घरी बूट आले. मापाचे होते, याचे मला नवल वाटले नाही.

परवा मॅडमचा फोन आला. मोलगीच्या वरच्या बाजूला दरड पडून एक वाट सरकली आहे, नकाशा दुरुस्त करायला हवा, सोमवारी निघू. अमृतमहोत्सवाचा समारंभ सोमवारीच आहे, हे मी तीनदा सांगितले. "मग मंगळवारी," त्या म्हणाल्या.

अशा माणसाला शुभेच्छा तरी काय द्याव्यात? मॅडमना निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे साथ देवोत. सातपुड्यातली प्रत्येक पायवाट नकाशावर अचूक येईपर्यंत त्या आमच्यात राहोत. या वाटा दर पावसाळ्यात बदलतात, हे पक्के ठाऊक असूनच ही प्रार्थना करतो आहे.